तोल

शुक्रवारी रात्री सामना संपतो,
शनिवारी सकाळी तळघराची किल्ली माझ्याकडे.
बत्तीस वर्षं झाली.
मशीन युनियनने वर्गणी काढून दिलेलं,
झाकणावर पितळी पट्टी: 'पोरांसाठी, दोन नंबर भट्टीकडून'.
भट्टी भंगारात गेली.
पट्टी मी अजून घासते, तिला कोणी सांगितलेलं नाही.

पूर्वी बहात्तर जर्स्या असायच्या. चार खेपा.
नदीकाठच्या प्रत्येक घरातून एक तरी,
पोलिश, स्लोव्हाक, प्रुइटांची तिन्ही मुलं,
आडनावं पाठीवर मावायची नाहीत,
मीच शिवलीत, अक्षरं जवळजवळ दाटून.
आता एकोणीस.

एकोणिसांनी मशीनचा तोल जातो.
पिळायला लागलं की धडधडत सरकतं भिंतीकडे
पगाराच्या रात्री घरी येणाऱ्या माणसासारखं.
(आता पगाराची रात्रही नाही, ते सोडा.)
दुरुस्तीला आलेला रुडी म्हणाला, ड्रम ठीक आहे, व्हेरा,
तुझ्याकडे कपडेच कमी आहेत.

म्हणून मी कपाटातल्या जर्स्याही टाकते आत,
ज्या या वर्षी कोणाच्या अंगाला लागल्या नाहीत.
सदतीस. बासष्ट. अठ्ठ्याऐंशी.
एकतीस, जी माझ्या भावाची होती.
घालून विटली नसती इतकी
ती धुऊन विटत चालली आहे.

आणि ज्या घातल्या जातात
त्यांचा मळ काय सांगू.
चढाईला तीच अकरा पोरं, बचावालाही तीच.
चोपन्न नंबर, डेशॉन, मैदानाबाहेर येतच नाही,
मध्यंतरातही तसाच, पॅडसकट,
बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो,
कारण बँडलाही माणूस नाही.
त्याच्या कोपरांवरचं गवत तीन पाण्यांत निघत नाही.
कॉलरवर रक्त असतं. ते थंड पाण्यात,
हे मला आईने शिकवलं, वेगळ्याच कारणासाठी.

आई कपडे परसात वाळत घालायची.
दुपारपर्यंत चादरींवर काजळीचे ठिपके.
शेजारीण कुरकुरली तर म्हणायची,
गप बस, ठिपके पडतायत म्हणजे चूल पेटतेय.
आता दोरीवरचं पांढरं पांढरंच राहतं.
मी आठ दिवस विसरले तरी.

मार्चमध्ये शाळा मंडळाने हात वर केले, सहा विरुद्ध तीन.
पुलापलीकडच्या शाळेशी एकत्र संघ.
तीच शाळा, जिच्या नावाने आम्ही
लहानपणी थुंकायला शिकलो.
आमचा केशरी, त्यांचा मरून.
मी सभेत उठून एवढंच म्हटलं की मरून रंग सुटतो.
लोक हसले. मी धुण्याबद्दलच बोलत होते.

नव्या जर्स्या करड्या आल्या.
छातीवर गावाचं नाव नाही, 'व्हॅली' एवढंच,
जणू आम्ही सगळे नकाशावरचा एक खळगा.
पाठीवर आडनावंही नाहीत. त्याचे वेगळे पैसे पडतात.

खेपेला पुरेशा आहेत पण. चौतीस.
मशीन जागचं हललं नाही.

आणि त्यांच्याकडची बाई आली, पूल ओलांडून,
स्वतःची साबणाची बादली घेऊन.
लोरेन ताबोर. तिच्याकडेही एक किल्ली.
तिने पट्टीवरून बोट फिरवलं, काही बोलली नाही.
आम्ही पाण्यावरून भांडलो, कोमट की थंड,
मग झाकण लावून दोघी
उलट्या क्रेटवर बसलो.

मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याने
एकोणऐंशी साली
माझ्या भावाचा गुडघा मोडला.

आत पाणी भरत होतं.

कोणता, ती म्हणाली.

डावा.

हो, ती म्हणाली. तो सांगायचा.